क्रेडिट कार्डाचं ऑटो-डेबिट परत गेलं? पहिल्या तीन दिवसांत काय करायचं

गेल्या वर्षी जुलैच्या एका सकाळी मोबाइलवर पाठोपाठ दोन मेसेज आले. पहिला बँकेचा: शिल्लक अपुरी, नॅच (बँकांच्या यंत्रणेतून आपोआप होणारी कपात) परत, ५९० रुपये वजा. दुसरा कार्डाचा: तुमचं पेमेंट परत आलं आहे. मी नोकरी बदलली होती, पगार नव्या बँकेत जमा होत होता आणि ऑटो-डेबिटचं मँडेट, म्हणजे पैसे कापायला दिलेली परवानगी, जुन्या खात्यावरच राहून गेलं होतं. त्या खात्यात ८१२ रुपये होते. दंड कापल्यावर २२२ उरले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

इथवर फार बिघडलं नव्हतं. बिघडवलं मी. ऑफिसात कुणीतरी म्हणालं, "दोन दिवसांनी परत कापतात, जुन्या खात्यात पैसे टाकून ठेव." मी टाकले आणि वाट पाहत बसलो. कुणी काही कापलं नाही. सहाव्या दिवशी कार्डाचं ॲप उघडलं तेव्हा लेट फी लागलेली होती आणि पैसे जुन्या खात्यात जसेच्या तसे पडून होते.

म्हणून हा लेख. आज किंवा काल तुमचं पेमेंट बाउन्स झालं असेल तर आधी पुढच्या दोन पायऱ्या करून या, बाकीचं नंतर निवांत वाचा.

पायरी १: हाताने भरा, आत्ताच

ऑटो-डेबिट पुन्हा लागेल या भरवशावर राहू नका. काही बँका, विशेषतः कार्ड आणि खातं एकाच बँकेत असेल तेव्हा, एक-दोन दिवस पुन्हा प्रयत्न करतात. बऱ्याच करत नाहीत. आणि दुसरा प्रयत्नही फसला तर दंड दुसऱ्यांदा लागू शकतो.

कार्ड कंपनीच्या ॲपमधून किंवा वेबसाइटवरून नेटबँकिंगने भरलं तर रक्कम सहसा लवकर दिसते. यूपीआय ॲपमधल्या बिल भरण्याच्या सोयीतून, म्हणजे भारत कनेक्टमधून भरलं तरी चालतं, पण कार्डावर जमा दिसायला कधी कधी एक-दोन दिवस लागतात. एनईएफटी डिसेंबर २०१९ पासून चोवीस तास, सुट्टीच्या दिवशीही चालते. लाभार्थीच्या खाते क्रमांकाच्या जागी कार्ड क्रमांक आणि कार्ड कंपनीने दिलेला आयएफएससी कोड टाकायचा. कार्ड क्रमांक टाकताना दोनदा तपासा. चुकीच्या कार्डावर गेलेला पैसा परत मिळवणं हा वेगळाच वनवास असतो.

किती भरायचं? जमत असेल तर टोटल ड्यू पूर्ण. नसेल जमत तर निदान मिनिमम ड्यू, म्हणजे साधारण बिलाच्या पाच टक्के आणि त्यावर असलेले हप्ते, व्याज, कर वगैरे. मिनिमम वेळेत भरल्याने लेट फी आणि थकबाकीची नोंद टळते. व्याज टळत नाही. ते पुढे हिशेबात येईलच.

पेमेंट झालं की यूटीआर क्रमांकासह (व्यवहाराचा ओळख क्रमांक) स्क्रीनशॉट ठेवा. बाउन्सचे दोन्ही मेसेजही पुसू नका.

पायरी २: तीन दिवस मोजा

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२२ मध्ये कार्डांसाठी जे सविस्तर निर्देश काढले, त्यांत एक फार कामाचा नियम आहे. बिल ड्यू डेटनंतर तीन दिवसांहून जास्त थकलं तरच कंपनी लेट फी लावू शकते, आणि तेव्हाच ते खातं थकीत म्हणून क्रेडिट ब्यूरोला, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीला, कळवू शकते. ड्यू डेट ३० जून असेल तर ३ जुलैपर्यंत तुम्हाला श्वास घ्यायला जागा आहे.

यात दोन खाचा आहेत. एक, तीन दिवस उलटले की थकीत दिवसांची मोजणी चौथ्या दिवसापासून होत नाही. ती मूळ ड्यू डेटपासूनच होते. दोन, ही सवलत लेट फी आणि नोंद यांच्यापुरती आहे. बाउन्सचा दंड तिच्यात येत नाही, आणि व्याजाच्या बाबतीत कंपन्यांची पद्धत वेगवेगळी आहे. काही कंपन्या तीन दिवसांत पूर्ण रक्कम आली तर ती वेळेत आली असंच धरतात, काही नाही. तुमच्या कार्डाच्या अटींचं जे बारीक अक्षरांतलं पत्रक असतं, ते वाचण्याचा हाच एक दिवस.

पेमेंट कार्डावर जमा होण्याची तारीख महत्त्वाची, तुम्ही बटण दाबल्याची नव्हे. तिसऱ्या दिवशी रात्री साडेअकराला भरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता हिशेब: एक बाउन्स केवढ्याला पडतो

दंडाच्या रकमेबद्दल लोक चरफडतात, पण बहुतेक वेळा खरा फटका तिथे नसतोच. एक उदाहरण आकड्यांनिशी करून पाहू.

स्टेटमेंट दर १० तारखेला, ड्यू डेट ३० जून, बिल ४०,००० रुपये. त्यात १५ मे रोजी घेतलेला ३०,००० चा फ्रिज आणि २ जूनची १०,००० ची खरेदी. ऑटो-डेबिट ३० जूनला परत गेलं आणि तुम्ही ५ जुलैला पूर्ण ४०,००० भरले. कार्डाचा व्याजदर महिना ३.७५ टक्के धरू, म्हणजे वर्षाला ४५. आज अनेक कार्डांवर दर याच्याच आसपास आहे.

बहुतेकांना वाटतं, पाच दिवस उशीर म्हणजे पाच दिवसांचं व्याज. तसं नसतं. पूर्ण बिल वेळेत भरलं नाही की बिनव्याजी मुदतच रद्द होते आणि व्याज प्रत्येक खरेदीच्या तारखेपासून लागतं. फ्रिजवर १५ मे ते ५ जुलै, असे ५१ दिवस: १,८८६ रुपये. दुसऱ्या खरेदीवर ३३ दिवस: ४०७ रुपये. दोन्ही मिळून २,२९३, त्यावर १८ टक्के जीएसटी. झाले २,७०६.

लेट फी रकमेच्या टप्प्यानुसार ठरते. ४० हजारांच्या थकबाकीला १,१०० धरू; जीएसटीसह १,२९८. कार्ड कंपनीचा पेमेंट परत आल्याचा दंड बऱ्याच ठिकाणी रकमेच्या २ टक्के, किमान ४५० ते ५०० रुपये असतो. इथे ८०० आणि कर, म्हणजे ९४४. शिवाय बचत खात्याच्या बँकेचा नॅच रिटर्नचा आकार, ५०० अधिक कर, ५९०.

बेरीज ५,५३८ रुपये. पाच दिवसांच्या उशिराची किंमत. त्यात जवळजवळ निम्मा वाटा एकट्या व्याजाचा.

अजून एक गोष्ट या बेरजेत नाही. ११ जूनपासून पुढे तुम्ही जे काही कार्डावर घेतलं, किराणा, पेट्रोल, मुलांच्या वह्या, त्यालाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. २० जूनला ८,००० ची खरेदी केली असेल तर ५ जुलैपर्यंत तिच्यावरही दीडशे रुपयांच्या आसपास व्याज चढलेलं असतं. म्हणून बाउन्स झाल्यावर थकबाकी पूर्ण फिटेपर्यंत ते कार्ड कपाटात ठेवा. दुसरं कार्ड, यूपीआय, रोख, काहीही वापरा.

व्याजदराबद्दल एक व्हॉट्सॲपी गैरसमजही काढून टाकतो. "३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं बेकायदा आहे, कंपनीला हे पाठवा" असा मेसेज अजून फिरतो. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये तशी मर्यादा घातली होती हे खरं, पण २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्दबातल केला. तो मेसेज पाठवून काही होणार नाही.

पायरी ३: परत का गेलं ते शोधा

भरून झालं की कारण शोधायला बसा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. पासबुकात किंवा बँकेच्या ॲपमध्ये रिटर्नची नोंद असते, तिच्यासोबत बहुधा कारणही असतं. खात्यावर कसलीच नोंद नसेल तर कंपनीने डेबिट पाठवलंच नाही असा अर्थ होऊ शकतो. मग चूक तुमची नाही आणि दंडही तुमचा नाही.

शिल्लक कमी असणं हे सर्वांत नेहमीचं कारण, पण त्यातही प्रकार आहेत. नॅचची डेबिटं बऱ्याचदा सकाळी लागतात. पगार त्याच दिवशी दुपारी आला तरी तोवर रिटर्न होऊन गेलेलं असतं. पैसे आदल्या संध्याकाळी खात्यात असायला हवेत. नॅच ऑगस्ट २०२१ पासून रविवारी आणि बँक सुट्टीलाही चालतं. "आज बँक बंद आहे, उद्या कापतील" हे गणित आता उपयोगाचं नाही.

मग मँडेटची कमाल मर्यादा. हे फार जणांच्या ध्यानातच येत नाही. मँडेट भरताना तुम्ही एक वरची रक्कम लिहून दिलेली असते, समजा ५०,०००. एरवी बिल पंधरा-वीस हजारांचं येतं, म्हणून कधी प्रश्न येत नाही. घरात लग्न निघतं, बिल ७०,००० होतं, खात्यात दोन लाख असतात आणि तरीही डेबिट परत जातं. यूपीआय किंवा डेबिट कार्डावरच्या ई-मँडेटला आणखी एक मर्यादा आहे: कार्डाचं बिल दर वेळी ओटीपी किंवा पिन न मागता एक लाखापर्यंतच कापता येतं. ही सीमा डिसेंबर २०२३ मध्ये १५,००० वरून वाढवली गेली. अशा मँडेटवर रक्कम कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते. तो मेसेज जाहिरात समजून सरकवू नका.

खातं निष्क्रिय झालेलं असणं (दोन वर्षं तुम्ही स्वतः एकही व्यवहार केला नाही की होतं), केवायसी रखडल्याने गोठवलेलं असणं, शिल्लक दिसते पण तिच्यातला काही भाग अडवून ठेवलेला असणं, कागदी मँडेटवरची सही न जुळणं, ही बाकीची कारणं.

सहकारी बँकेत मुख्य खातं असलेल्यांनी आणखी एक धोका ओळखून ठेवावा. २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर आणि २०२५ च्या फेब्रुवारीत न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले, तेव्हा मुंबई-ठाण्यातल्या खातेदारांना स्वतःचेच पैसे काढता येईनात. अशा दिवशी त्या खात्यावरचं डेबिट वटेल ही अपेक्षाच सोडायची. कार्ड कंपनीला मात्र तुमची बँक अडचणीत आहे याच्याशी देणंघेणं नसतं. सगळे हप्ते एकाच खात्यावर बांधू नयेत.

पायरी ४: दंड माफ करून घ्या

हे मागायला लोक लाजतात. लाजू नका. मागची बिलं वेळेवर भरलेली असतील आणि ही पहिलीच चूक असेल तर लेट फी आणि बाउन्सचा दंड, दोन्ही परत मिळण्याची बरी शक्यता असते. व्याज माफ होणं कठीण, पण विचारायला पैसे पडत नाहीत. क्रम महत्त्वाचा: आधी पूर्ण थकबाकी भरा, मग फोन करा. पैसे न भरता माफी मागणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

फोनवर होकार मिळाला तर तक्रार क्रमांक घ्या आणि लगेच ईमेल करा. ईमेलमध्ये एवढंच पुरे:

"माझ्या कार्डाच्या (शेवटचे चार आकडे अमुक) जूनच्या बिलाचं ऑटो-डेबिट ३० तारखेला परत गेलं. मी पूर्ण रक्कम अमुक तारखेला भरली आहे, यूटीआर क्रमांक अमुक. गेल्या बारा महिन्यांत एकही बिल उशिरा भरलेलं नाही. लेट फी, पेमेंट परत आल्याचा आकार आणि त्यांवरचा जीएसटी रद्द करून पुढच्या स्टेटमेंटमध्ये जमा दाखवावा."

जीएसटीचा उल्लेख मुद्दाम करा. मला फी परत मिळाली होती, कर राहून गेला होता. त्यासाठी पुन्हा एक फोन करावा लागला.

बचत खात्याच्या बँकेकडेही वेगळा अर्ज करायचा असतो. दोन दंड दोन वेगळ्या दारांतून आलेले आहेत. खात्यात पैसे असूनही बँकेने डेबिट परत पाठवलं असेल तर त्या दिवसाचा शिल्लक दाखवणारा उतारा जोडून लेखी तक्रार करा आणि कार्डाकडून लागलेल्या दंडाची भरपाईही त्याच बँकेकडे मागा.

३० दिवसांत उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे सीएमएस पोर्टलवर तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली हवी, नाहीतर लोकपाल ती दारातूनच परत पाठवतो.

पायरी ५: पुढची दोन स्टेटमेंटं ओळीओळीने वाचा

पूर्ण भरूनही पुढच्या बिलात पुन्हा व्याज दिसतं तेव्हा माणूस भडकतो. ते बहुतेक वेळा बरोबर असतं: आधीच्या स्टेटमेंटमध्ये न आलेलं, तुम्ही भरेपर्यंतच्या दिवसांचं उरलेलं व्याज. वरच्या उदाहरणात १० जूनचं बिल छापलं गेलं तेव्हा हे व्याज अस्तित्वातच नव्हतं, ते जुलैच्या बिलात येणार. तेही भरून टाका, मग चक्र थांबतं.

चूक कुठे असू शकते? न भरलेली फी आणि कर मुद्दलात मिळवून त्यांवर व्याज लावायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. लेट फीसुद्धा ड्यू डेटनंतर जेवढी रक्कम बाकी राहिली तेवढीच धरून लावायची असते, पूर्ण बिल धरून नाही. ४०,००० पैकी ३८,००० तुम्ही वेळेत भरले असतील आणि फी ४०,००० च्या टप्प्याची लागली असेल तर भांडा.

हाताने भरल्यानंतर ऑटो-डेबिटही लागून पैसे दोनदा गेले असतील तर जास्तीची रक्कम कार्डावर जमा दिसेल. ती पुढच्या बिलात वळती होते किंवा मागितल्यास खात्यात परत मिळते.

क्रेडिट स्कोअरचं काय?

तीन दिवसांच्या आत भरलं असेल तर काळजी सोडा. बँकेच्या खात्यावरचा नॅच रिटर्न क्रेडिट रिपोर्टमध्ये स्वतंत्रपणे छापला जात नाही. रिपोर्टला कळतो तो थकीत दिवसांचा आकडा. तुमच्या बँकेला मात्र तो उताऱ्यावर दिसतो, आणि गृहकर्जासाठी उतारे दिले की कर्ज देणारा अधिकारी पहिली नजर त्या "रिटर्न" लिहिलेल्या ओळींवरच टाकतो. पुढच्या सहा महिन्यांत घर घ्यायचा विचार असेल तर हे स्कोअरपेक्षा जास्त खुपतं.

तीन दिवस उलटून गेले असतील तर रिपोर्ट मागवा. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. कर्जदात्यांनी जानेवारी २०२५ पासून किमान पंधरवड्याला माहिती पाठवायची आहे, म्हणून साधारण महिन्याभराने बघा. मागच्या ३६ महिन्यांच्या चौकटी असतात. त्या महिन्याच्या चौकटीत शून्याऐवजी किती दिवस लिहिले आहेत ते तपासा. तीनच दिवसांत भरूनही थकीत दाखवलं असेल तर ब्यूरोच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा. ३० दिवसांत ती निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे.

मिनिमम ड्यूसुद्धा ड्यू डेटपासून ९० दिवसांत भरला गेला नाही तर कार्डाचं खातं अनुत्पादित, म्हणजे एनपीए (फेड थांबलेलं कर्ज) ठरतं. तिथून वसुलीचे फोन, समझोत्याचे प्रस्ताव आणि रिपोर्टवर वर्षानुवर्षं राहणारा डाग. वसुलीवाल्यांना सकाळी ८ ते संध्याकाळी ७ एवढ्याच वेळेत फोन करायची मुभा आहे, हे तेव्हा त्यांना ऐकवायला उपयोगी पडतं.

तुरुंग वगैरे?

फोनवरचा एखादा वसुलीवाला "तुमच्यावर क्रिमिनल केस होईल" म्हणतो. त्यात थोडं तथ्य आहे. चेक न वटण्याच्या कलम १३८ सारखंच, पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा २००७ च्या कलम २५ मध्ये शिल्लक नसल्याने इलेक्ट्रॉनिक डेबिट परत जाणं हा गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही. पण त्याआधी कंपनीने बाउन्स कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही ती रक्कम भरली तर हा गुन्हा होत नाही. फोन म्हणजे नोटीस नव्हे. खरी नोटीस आली तर मात्र ती फ्रिजवर चिकटवून ठेवू नका.

याच दिवसांत भामटेही टपलेले असतात. "तुमचं पेमेंट अडकलंय, या लिंकवर भरा, नाहीतर कार्ड ब्लॉक" असा मेसेज नेमका घाबरलेल्या माणसाला खरा वाटतो. भरायचं ते कंपनीच्या ॲपवर किंवा स्वतःच्या बँकेतून.

पायरी ६: मँडेट नव्याने बांधा

बाउन्सनंतर काही कंपन्या ऑटो-डेबिट आपणहून बंद करतात आणि तुम्हाला पत्ता नसतो. ॲपमध्ये जाऊन ते चालू आहे का, कोणत्या खात्यावर आहे, आणि "टोटल ड्यू" वर आहे की "मिनिमम ड्यू" वर, हे बघा. माझ्या मावसभावाचं कार्ड दीड वर्ष मिनिममवर होतं. दर महिन्याला पैसे कापल्याचा मेसेज यायचा, तो निर्धास्त, आणि बाकीच्या रकमेवर व्याज चढत होतं.

नवं मँडेट नोंदवायला काही दिवस लागतात. ते सक्रिय झाल्याचा मेसेज येईपर्यंतचं बिल हातानेच भरा. जुनं मँडेट बँकेत लेखी देऊन रद्द करा. रद्द केल्यावरही बँकेने रक्कम कापली आणि दुसऱ्याच दिवसापर्यंत परत केली नाही, तर दिवसाला १०० रुपये भरपाई बँकेने द्यायची असते. कमाल मर्यादा कार्डाच्या पूर्ण क्रेडिट लिमिटएवढी ठेवा. आणि ड्यू डेट पगाराच्या आधी येत असेल तर बिलाचं चक्र बदलून मागा. ते किमान एकदा बदलून घेण्याचा हक्क रिझर्व्ह बँकेने कार्डधारकाला दिलेला आहे. माझी ड्यू डेट आता महिन्याच्या ७ तारखेला येते, पगारानंतर सहा दिवसांनी. तरी ५ तारखेच्या संध्याकाळी मी खात्यात डोकावतोच.